शालू, ती तोरडी आठवते का?

मेडस्टन, केंट
२१ ऑक्टोबर

प्रिय शालू,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, आणि गणपतीत फोन केलास तेव्हाही मी ‘नंतर करते’ म्हणून ठेवून दिला. रागावली असशील. तुझा राग मला पाचवीपासून पाठ आहे, वर्षभर पुरतो. माझा गुडघा आहे तसाच, साखर गोळ्यांवर ताब्यात, नवरोबा पीटर बरा. प्रकृतीचं झालं.

सासूबाई मार्चमध्ये गेल्या, हे तुला कळवलं होतं. पण त्यानंतर जे कळलं ते लिहायला सात महिने लागले. ते सांगायचं म्हणजे माझ्या पायातल्या त्या तोरडीवर यावं लागतं, आणि तोरडीचं नाव आपण दोघींनी १९७० नंतर काढलेलं नाही.

आधी सासूबाईंचं सांगते.

तुला आठवतं का, माझ्या लेकाच्या जन्मानंतर त्यांनी मला महिनाभर वेगळी बशी-वाटी दिली होती, स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नव्हतं? मी रडून तुला सहा पानी पत्र लिहिलं होतं की गोऱ्या घरात मला अस्पृश्यासारखं वागवतात. तू उलट टपाली लिहिलंस, ‘अगं वेडे, ते सोयर आहे! आपल्या आजीने दुसरं काय केलं असतं?’ तेव्हा आपण खूप हसलो. पण इंग्लंडातल्या बाईला सोयर कुठून ठाऊक, हा प्रश्न ना तुला पडला, ना मला.

बाकीचंही तसंच. भांडी घासायचं टब वेगळं, कपड्यांचं वेगळं; चुकून एकात दुसरं गेलं तर टब सरळ कचऱ्यात. कपाला बारीक तडा गेला तरी फेकून द्यायच्या. मांजराला घरात थारा नाही, कारण ते स्वतःचं अंग चाटतं. घोडा दिसला की मात्र रस्ता ओलांडून त्याच्याशी बोलायला जायच्या. सासरे गेल्यावर त्यांचं नाव कधी उच्चारलं नाही, आणि त्यांना आवडायचं ते बेकन पुडिंग पुन्हा तोंडात घातलं नाही. मी म्हणायचे, आपल्याकडे बायका जिवंत नवऱ्याचं नाव घेत नाहीत, या गेलेल्याचं घेत नाहीत. बस, एवढ्यावर सोडून दिलं. चाळीस वर्षं एका घरात वावरले, शालू, आणि एकदाही विचारलं नाही.

शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाल्या, ‘मला रात्री एकटी ठेवू नका. दिवा मालवू नका.’ इथे माणूस गेल्यावर पुरेपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात, शव अंत्यविधी करणाऱ्या कंपनीकडे ठेवतात. आम्ही आदल्या रात्री पेटी घरी आणली. मी समई लावली. खाली पीठ पसरलं. तांदळाचं नव्हतं, मैदाच घेतला. ठरवून नाही केलं, हात आपोआप चालले. आजीच्या वेळी दहा दिवस दिवा होता आणि आपण दोघी रोज पिठावर कोणतं पाऊल उमटतंय ते बघायला जायचो, तसंच.

रात्री दहाला दारात मावशी. सासूबाईंची धाकटी बहीण, वय ८८. पीटरने तिला जन्मात दोनदा पाहिली होती. ती अजून कॅरॅव्हॅनमध्ये राहते, आणि ‘आमच्यात येत-जात नाहीत’ यापलीकडे तिच्याविषयी कोणी बोलत नसे. दिव्याकडे बघत राहिली. मग मला विचारलं, ‘हे तुला तिनं शिकवलं?’ म्हटलं, नाही, माझ्या आजीने. ती माझ्याशेजारी बसली आणि आम्ही रात्र जागून काढली. त्यांच्यात प्रेताला एकटं सोडत नाहीत. पहाटे मी पिठाचं सांगितलं, पुढचा जन्म कोणता ते त्यात दिसतं म्हणून. दोघी वाकून बघत होतो. मला काही दिसेना. मावशी हलकेच म्हणाली, ‘घोडा.’

तिनेच सांगितलं, आम्ही रोमनी. जिप्सी. सासूबाईंनी विटांच्या घरात लग्न करून आल्यावर ते पोटात ठेवलं. पीटर तिथेच उभा होता. सत्तरीच्या माणसाला आपण कोण हे असं अचानक कळलं, आणि तो फक्त ‘म्हणून घोडे’ एवढंच म्हणाला.

दफन झाल्यावर मावशीने मागच्या अंगणात क्राउन डर्बीची सगळी चिनी मातीची भांडी आणायला लावली. निळी, लाल, सोन्याच्या काठाची. त्यांच्या लोकांत ही भांडी म्हणजे आपल्याकडची सोन्याची पाटली. एकेक उचलून तिने दगडावर फोडली. नणंद ओरडत होती, त्याचे हजारो पौंड आले असते. मावशी म्हणाली, विकून आलेला पैसा आपल्या मागोमाग तिलाही घरात आणेल. गेलेल्याचं काही ठेवलं की ‘मुलो’ परत येतो. मुलो म्हणजे मेलेला, शालू. तुझी आई ‘मेल्या’ म्हणून हाक मारायची ना, तेच मूळ.

तिची आजी गेली तेव्हा तर गाडीच जाळली होती. रंगवलेली, कोरीव लाकडाची घोडागाडी, तेच घर. गादी, कपडे, खोगीर सगळं आत ठेवून पेटवलं. त्यानंतरचा हिवाळा मुलांनी तंबूत काढला. ‘पण आजी मोकळी झाली,’ म्हणाली. आपल्याकडे खांद्यावर मडकं घेऊन फिरतात आणि मागे न बघता सोडून देतात. मला एकसारखं तेच आठवत होतं. आपण स्मशानाच्या भिंतीवर लपून बघितलेलं, आणि तू घाबरून माझ्या दंडात नखं रोवली होतीस.

त्या फोडाफोडीत एक कप मी पदराआड केला. म्हणजे कोटाआड. सासूबाईंचा रोजचा. तो आत्ता माझ्यासमोर आहे.

मग मी कागद शोधायला लागले. इथे १९३१ ची जनगणना १९४२ च्या आगीत जळाली, १९४१ ला युद्धामुळे झालीच नाही. मधे एकच धागा, २९ सप्टेंबर १९३९ ची नोंदणी, ओळखपत्रांसाठी केलेली. त्यात अजून जिवंत असतील त्यांच्या नावावर काळी पट्टी असते. सासूबाईंचा मृत्यूचा दाखला पाठवला तेव्हा ती पट्टी उठली. सात वर्षांची मुलगी, शाळेत जाणारी, पत्ता हॉप्सच्या, म्हणजे बिअरला लागणाऱ्या फुलांच्या, मळ्यातली वॅन. सप्टेंबर म्हणजे केंटमध्ये हॉप्स खुडायचे दिवस. बाई गेल्यावरच कागदावर दिसल्या. मी संगणकापुढे बसून रडले.

पुढे मागे मागे गेले. १९ जून १९२१ च्या जनगणनेत त्यांची आजी सापडली, नाव केझाया, धंदा टोपल्यांची फेरीवाली. तिच्या पाच मुलांचे बाप्तिस्मे पाच गावांच्या चर्चांत. आधी वाटलं नोंदी चुकल्या. मग नकाशावर खुणा केल्या तर चेरी, वाटाणा, हॉप्स, ज्या महिन्यात जे पिकतं त्या वाटेवरची गावं. आपले ऊसतोड कामगार जातात तसं. लेक म्हणाला मी डीएनए चाचणी करतो. त्याला म्हटलं, तुझा निम्मा वाटा माझाच, तुझी काय कामाची. पीटरने केली. दक्षिण आशियाई तीन टक्के. आता तो मला सांगतो की मीही तुमच्याकडचाच, आणि पोळी मागून घेतो.

लोकांना वाटायचं हे इजिप्तहून आले, म्हणून जिप्सी. १५३० मध्ये आठव्या हेन्रीच्या राज्यात त्यांना देशाबाहेर काढायचा कायदा झाला, १५५४ मध्ये महिन्याभरात न गेल्यास फाशी. त्यांची भाषा हिंदुस्थानची हे अभ्यासकांनी १७८० च्या दशकात छापून दाखवलं. तू शब्द ऐक. पाणी म्हणजे ‘पानी’. नाक ‘नाक’, सुरी ‘चुरी’, वीस ‘बिश’, आग ‘योग’, मीठ ‘लोन’, आपलं निंबलोण असतं त्यातलं. मुलगा ‘छावो’, म्हणजे छावा! सूर्याला युरोपात ‘खाम’ म्हणतात, तो आपला घाम. मी एकटीच मोठ्याने म्हणत बसायचे.

आणि मग तो शब्द आला. ते स्वतःला ‘रोम’ म्हणवतात. भाषेचे अभ्यासक तो ‘डोंब’पासून काढतात. हरिश्चंद्राने ज्याच्या घरी पाणी भरलं तो डोंब, काशीच्या घाटावर आजही चिता पेटवतो तो डोंब. आणि आपला डोंबारी.

शालू, आता तरी सांगते. तुला माहीत आहे, पण मी कधी तोंडाने कबूल केलं नाही.

नदीच्या घाटापाशी पालं पडली होती. बांबूच्या कैच्या, त्यांवर दोर, आणि ती आपल्याएवढी पोर हातात आडवी काठी धरून वर चालत होती. खाली तिचा बाप ढोलकं वाजवत होता. तू तिला तुझी लाल रिबीन दिलीस आणि आईचा मार खाल्लास. दुसऱ्या दिवशी माझ्या पायात एकच तोरडी. आजीने विचारलं, ‘ती पोरगी जवळ आली होती का गं?’

मी मान हलवली.

ती आलीच नव्हती. मी घाबरले होते, इतकंच. संध्याकाळपर्यंत पालं उचकटली, पातेली पालथी केली, तिच्या बापाला दादाने आणि बाकीच्यांनी मारलं. म्हातारीला गाढवावर बसवून ते नदी ओलांडून गेले. पोरीच्या केसांत तुझी रिबीन होती. नवव्या दिवशी तोरडी माझ्याच गोधडीच्या घडीत मिळाली. तू म्हणालीस, अण्णांना सांगू. मी तुला विद्येची शपथ घातली. शाळेमागच्या चिंचेखाली पुरली आणि सहावीचं वर्षभर तू माझ्याशी बोलली नाहीस. घरी सांगितलंस हस्ताक्षराच्या बक्षिसावरून भांडलो. ते बक्षीस तुझंच होतं, तेही आज मान्य करते.

अशा भटक्या जमातींवरचा जन्मजात गुन्हेगार हा शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्याने उठला होता. आपण १९७० मध्ये तो पुन्हा मारला, मी एका मानेने. तो कायदा इंग्रजांनी तिकडे केला १८७१ मध्ये, आणि इथे फेरीवाल्यांनी पोलिसांकडून दाखला घ्यावा हा कायदाही १८७१ चाच. केझाया टोपल्या घेऊन दारोदार जायची तेव्हा काय हरवलं की कुणी मान हलवत असेल? मावशीला मी विचारलं. म्हणाली, ‘दर गावात. आम्ही यायच्या आधीच हरवलेलं असायचं.’ माझ्याकडे न बघता म्हणाली. तिला काहीच ठाऊक नाही.

सासूबाईंनी चाळीस वर्षं का सांगितलं नाही याचं कारण मला वाटतं मी आहे. मी म्हणजे माझ्यासारख्या. एकदा टीव्हीवर कॅरॅव्हॅनचा तळ उठवत होते, मी म्हटलं होतं, ‘आमच्याकडेही असे लोक येतात, सामान सांभाळावं लागतं.’ त्या उठून चहा करायला गेल्या. मला त्या चहाचा कप दिला तो हाच, तेव्हा मी खूश झाले होते की आज स्वतःच्या कपात दिला. आता तो समोर घेऊन बसले की घशाखाली काही उतरत नाही.

रविवारी मी तो मावशीकडे नेणार आहे. लपवला होता हे तिला सांगणार, आणि तिच्या दगडावर तिच्यासमोर फोडणार. तोरडीचंही तिला सांगेन. ती पुन्हा दार उघडणार नाही, अशी भीती वाटते. तरी सांगेन.

जानेवारीत तिकडे येते आहे. दादाला सांगायचं आहे. तो अजून जेवणाच्या पंगतीत ‘डोंबाऱ्याला कसा धुतला’ म्हणून सांगतो आणि सगळे हसतात; मीही हसले आहे. त्याचा पेसमेकर बसलाय हे माहीत आहे, वहिनी मला घराबाहेर काढेल हेही माहीत आहे. तू शेजारी बसशील का? बोलू नकोस, नुसती बस.

तुझ्या नातीचं बारसं झालं का? नाव काय ठेवलं? सुनेची बदली साताऱ्याला झाली की रद्द? मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस, तुला सांगून उपयोग नसतो तरी सांगते. तुझ्या यजमानांच्या पेन्शनीचं काय झालं तेही लिही.

घाटावर अजून कोणाची पालं पडतात का, हे जरा बघून ये. आणि मागच्या पत्रात लिहिलं होतंस की रस्ता रुंद करताना शाळेकडची झाडं तोडली. शाळेमागची चिंच त्यात गेली का? उभी असेल तर मी येईपर्यंत खणू नकोस. गेली असेल तर तसं स्पष्ट लिही, फोनवर सांगू नकोस.

तुझी
सुमी