तेलावर पोहणारं यंत्र

दांडिया बाजार, बडोदा
जूनचा दुसरा आठवडा

प्रिय बंडू,

तुझं पत्र मिळालं. लेकीनं हैदराबादला समुद्री ग्लायडरवरचं काम घ्यावं का, असं विचारलंस. फोनच केला असता, पण वहिनी शेजारी बसलेल्या असणार आणि तू दर वाक्याला "थांब, हिला सांगतो" म्हणणार. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. दोघांनी निवांत वाचा.

आधी वहिनींचा जीव भांड्यात पडू दे. लेकीला हैदराबादला जे काम मिळतंय त्यात ती महिनोन् महिने समुद्रात राहणार नाही. ग्लायडर म्हणजे समुद्रात माणसाविना बुड्या मारत माहिती गोळा करणारं यंत्र. ते पाण्यात सोडायला आणि मोहीम संपली की उचलायला कुणीतरी जहाजावर जातं, तेवढ्यापुरत्या ओकाऱ्या तिच्याही वाट्याला येतील. बाकी काम टेबलावरचं. यंत्र काही तासांनी वर येतं, शेपटीची अँटेना पाण्याबाहेर काढतं, जीपीएसवरून आपली जागा बघतं, इरिडियम उपग्रहामार्फत माहिती पाठवतं, पुढचा हुकूम घेतं आणि पुन्हा बुडी मारतं. हुकूम देणाऱ्याला पायलटच म्हणतात. यंत्राला रात्री तीन वाजता काही झालं तर पायलटचीही झोप मोडते, एवढाच काय तो धोका. आणि मी बडोद्यात बसून समुद्रावर बोलतो म्हणून हसू नकोस. देशाचं त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेत आहे, आणि त्या गावाला कुठला आलाय समुद्र?

आता यंत्राकडे येतो. इथे मी लांबण लावणार, कारण माझी हयात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, सिलिंडर, पंप आणि तेल गळू न देणारी ऑइल सील यांत गेली आणि हे सगळं प्रकरण माझ्याच गल्लीतलं निघालं. प्रोपेलर नाही तर चालतं कशावर, असं तू विचारलंस. तेलावर चालतं बाबा. जाळायच्या नव्हे, हायड्रॉलिक तेलावर. आत एक टाकी आणि बाहेर समुद्राच्या पाण्यात एक रबरी फुगा. तेल फुग्यात ढकललं की वजन तेवढंच राहतं पण आकारमान वाढतं, यंत्र वर येतं. तेल आत घेतलं की खाली जातं. सगळा खेळ लिटरभरापेक्षाही कमी तेलाचा. नुसतं तेवढंच असतं तर ते जागच्या जागी वर-खाली करत बसलं असतं. पण त्याला दोन आखूड पंख आहेत, त्यामुळे कागदी विमान पडता पडता पुढे जातं तसं हे बुडता बुडता पुढे सरकतं. कागदी विमानाला जे जमत नाही तेही याला जमतं, वर येतानाही पुढेच जातं. नाक वर-खाली करायला आतली बॅटरीच पुढे-मागे सरकवतात, काही जातींत वळायलाही तीच बॅटरी कुशीवर फिरवतात. वजन वाहायचंच आहे तर त्यालाच कामाला लावलं! ज्यानं हे सुचवलं त्याला मी आपल्या कलाभवनात, बडोद्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, उभं राहून सलाम ठोकला असता.

एक हजार मीटरवर दाब असतो साधारण शंभर बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या शंभरपट. तू म्हणशील, एवढा दाब तर आपल्या हायड्रॉलिक प्रेसमध्ये रोजचाच. खरंय, पण आपल्या प्रेसला भिंतीतून वीज येते आणि सील गळलं तर चहा होईपर्यंत बदलून मिळतं. इथे सगळी वीज बरोबर न्यायची आणि दुरुस्तीला कुणी नाही. म्हणून जोर लावायचा तो मुख्यतः बुडीच्या तळाशी, तेल बाहेर ढकलताना. बाकीचा प्रवास जवळजवळ फुकटात. वेग ताशी जेमतेम एक किलोमीटर, दिवसाला वीस-पंचवीस. प्रवाह जोराचा असला तर चक्क मागे जातं. पण वीज इतकी कमी खातं की महिनोन् महिने चालतं, आणि जहाजाच्या एका दिवसाचा खर्च कळला की हा संथपणा परवडतो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ऐक. पाण्याखाली जीपीएस चालत नाही, तेव्हा ते अंदाजानं जातं, म्हणजे इतक्या कोनात, इतका वेळ, म्हणून अमुक ठिकाणी निघायला हवं. वर येतं तेव्हा भलतीकडेच असतं. हा जो फरक पडला तो प्रवाहानं पाडला, म्हणून त्या फरकावरूनच ते बुडी मारलेल्या सगळ्या थराचा सरासरी प्रवाह काढतात. चुकलेल्या वाटेचंच मोजमाप! तापमान, खारेपणा आणि प्राणवायू मोजणारी उपकरणं आहेतच, पण प्रवाहासाठी वेगळं काही लावलं नसलं तरी तो असा हाती लागतो.

या यंत्राची कल्पना हेन्री स्टॉमेल या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये मांडली, तीही गंमत करून. २०२१ सालात बसून मागे वळून पाहणाऱ्या माणसाची गोष्ट म्हणून त्यानं लेख लिहिला, त्यात अशी यंत्रं जगभर समुद्र पालथा घालतायत. डग वेब नावाच्या त्याच्या इंजिनिअर मित्रानं १९९१ मध्ये फ्लोरिडातल्या एका झऱ्यात पहिलं यंत्र बुडवून दाखवलं. नाव ठेवलं स्लोकम. जोशुआ स्लोकमनं १८९५ ते १८९८ या काळात 'स्प्रे' नावाच्या शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली होती, त्याच्यावरून. पुढे 'स्प्रे' हेही दुसऱ्या एका ग्लायडरचं नाव झालं. स्टॉमेल १९९२ मध्ये गेला. २००९ मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या पोरांनी आणि मास्तरांनी असं एक यंत्र न्यू जर्सीहून सोडलं, ते २२१ दिवसांनी अटलांटिक ओलांडून स्पेनजवळ निघालं. आधीच्या वर्षी सोडलेलं वाटेतच हरवलं होतं. तरी पुन्हा सोडलं, हे मला विशेष वाटतं.

हरवण्याचं निघालंच तर, चोरीही होते. डिसेंबर २०१६ मध्ये फिलिपिन्सजवळ अमेरिकेचं एक ग्लायडर चिनी नौदलानं सरळ उचलून नेलं आणि पाच दिवसांनी परत दिलं. (हे वहिनींना वाचून दाखवू नकोस.)

तुझा खरा टोमणा होता तो "पाण्याचं तापमान मोजत बसायचं" हा. अरे, २०२४ च्या ऑगस्टअखेरीस इथे काय झालं ते तुला फोटोंतून माहीत आहे. पाऊस थांबला तरी विश्वामित्री नदीचं पाणी उतरेना आणि मगरी सोसायट्यांत फिरत होत्या. ज्या कमी दाबाच्या पट्ट्यानं आम्हाला बुडवलं तोच पुढे कच्छवरून अरबी समुद्रात उतरला आणि ३० ऑगस्टला 'आसना' चक्रीवादळ झाला. जमिनीवरून आलेली गोष्ट समुद्रात जाऊन तगडी होते, आणि तीही ऑगस्टात. अरबी समुद्रात त्याआधी असं १९७६ मध्ये झालं होतं. वादळाला बळ मिळतं ते कोमट पाण्यातून, आणि उपग्रह सांगतो ते फक्त पाण्याच्या कातडीचं तापमान. खाली तो थर दहा मीटर जाड आहे की साठ, हे वरून नीट कळत नाही. थर पातळ असेल तर वादळच घुसळून खालचं गार पाणी वर आणतं आणि स्वतः थंडावतं. जाड असेल तर पुरवठा चालूच. म्हणून अमेरिकेत २०१४ पासून हरिकेनच्या, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांच्या, हंगामात ग्लायडर सोडतात.

बंगालच्या उपसागरात आणखी एक भानगड आहे. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर हलकं होऊन झाकण बसवतं, त्याखालून गारवा वर येत नाही. २०१६ च्या जून-जुलैत भारत आणि ब्रिटननं मिळून 'बॉबल' मोहीम काढली, त्यात 'सिंधु साधना' जहाजाबरोबर पाच ग्लायडर होते. आपल्या अरबी समुद्राचं खारं पाणी श्रीलंकेला वळसा घालून तिकडे कसं शिरतं आणि मॉन्सूनशी त्याचं काय नातं, हे त्यात तपासलं. अरबी समुद्राचीही एक बातमी सांगतो, ओमानच्या आखाताची. चाचे आणि राजकारण यांमुळे तिथे संशोधकांची जहाजं जात नव्हती, म्हणून इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठानं ग्लायडर धाडले. २०१८ मध्ये कळलं की स्कॉटलंडपेक्षा मोठ्या पट्ट्यात प्राणवायू जवळपास संपलाय. मासळीवर पोट असणाऱ्याला याचा अर्थ समजावावा लागत नाही.

माझं मत विचारलंस तर जाऊ दे तिला. पगार सुरुवातीला मुंबईच्या सॉफ्टवेअरइतका नसेल, ते कबूल. पण नावाजलेली ग्लायडर अमेरिकेची, एक फ्रान्सचं, चीननंही आपलं काढलं. आपल्याकडे ते वापरणारी आणि उघडून बघणारी माणसं तयार झाली तरच ते इथे बनेल. नुसतं विकत घेऊन बिघडलं की परदेशी पाठवायचं, हा धंदा मी मशीन टूल्समध्ये भरपूर पाहिलाय. सगळ्यात कच्चं काय, तर लिथियमच्या बॅटऱ्या. बऱ्याचदा एकदाच वापरायच्या आणि महागड्या. तिथे कुणीतरी डोकं लावायला हवं.

तिला माझं एक काम सांग. बाहेरच्या फुग्याचं रबर कोणतं, आणि पंपाच्या पिस्टनवर सील कुठल्या मापाचं आणि कुठल्या मटेरियलचं, एवढं मला कळव म्हणावं. फोटो मिळाला तर उत्तम. खाऱ्या पाण्यात, गार तळाशी महिनोन् महिने न गळणारं सील कोण बनवतं ते मला बघायचंय, आणि जमलं तर आमच्या शेडमध्ये बनवूनही बघायचंय.

लीलो चेवडो, इथला ओला चिवडा, आमच्या भाच्याबरोबर पाठवतोय, गाडी शनिवारी पुण्यात पोचेल. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
नाना