आबा, आमच्या दारी उमेदवार आली होती

न्यू हॅम्पशायर, अमेरिका
20 ऑक्टोबर 2024

तीर्थरूप आबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईचा गुडघा कसा आहे? फोनवर ती नेहमी ‘बरा आहे’ एवढंच म्हणते, म्हणून तुम्हाला विचारते. आम्ही तिघेही खुशाल आहोत. थंडी सुरू झालीय, झाडं लाल-पिवळी होऊन निम्मी झडलीसुद्धा.

तुमच्याकडे 20 नोव्हेंबरला मतदान लागलं. आमचं त्याआधी, 5 तारखेला. जूनमध्ये नागरिकत्वाची शपथ घेतली, त्यानंतरचं माझं हे पहिलं मत. तुम्ही फोनवर अध्यक्ष कोण होणार ते विचारता, पण त्याच मतपत्रिकेवर खाली राज्याच्या विधानसभेचीही निवडणूक असते, आणि गेले दोन आठवडे माझ्या डोक्यात तीच आहे.

या राज्याची लोकसंख्या जेमतेम 14 लाख, आणि खालच्या सभागृहात सदस्य किती, तर 400! आपल्या अख्ख्या महाराष्ट्राला 288. इथे साधारण साडेतीन हजार माणसांमागे एक आमदार होतो. आपल्याकडे एकेका मतदारसंघात तीन लाखांवर मतदार. मानधन वर्षाला 100 डॉलर. 1889 सालापासून त्यात एका डॉलरची वाढ नाही, वर फक्त जाण्यायेण्याचा खर्च. त्यामुळे सभागृहात निवृत्त माणसंच जास्त. लहान मुलं असलेल्या नोकरदार बाईला निवडणूक लढवणं परवडत नाही. हे मला खटकतं.

आमच्या गावातून उभी असलेली बाई साठीच्या पुढची आहे. वडिलांचा दुधाचा गोठा होता, तो विकावा लागला. मग तिने 22 वर्षं शाळेची बस चालवली आणि पुढे दोनदा शाळा समितीवर निवडून आली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते मार्चमधल्या टाउन मीटिंगला. ही इथली ग्रामसभाच म्हणा ना. शाळेच्या सभागृहात खुर्च्या मांडून लोक गावाचं अंदाजपत्रक एकेक बाब करून मंजूर करतात. बसच्या कंत्राटावर बोलायला ही उठली, तेव्हा तिला कुठल्या वळणावर बर्फ साचतो आणि कुठल्या थांब्यावर किती मुलं असतात, सगळं तोंडपाठ होतं.

काल शनिवारी ती एकटीच दारात आली. बरोबर ना कार्यकर्ते ना गाडी, हातात फक्त एक वही. म्हणाली, तुम्हाला कशाची काळजी वाटते ते सांगा. मी म्हटलं, शाळेची. ती पायरीवरच बसली.

आबा, तुम्ही जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंत, म्हणून हे नीट लिहिते. या राज्यात पगारावर आयकर नाही, विक्रीकरही नाही. शाळा चालतात त्या मुख्यतः घरपट्टीवर. राज्य सरकार दर मुलामागे मूळ रक्कम देतं सुमारे 4100 डॉलर, आणि खर्च सरासरी 20 हजारांच्या वर जातो. बाकीचा भार बराचसा गावावर. तळ्याकाठी श्रीमंतांचे बंगले असलेल्या गावाला थोड्या दरात भरपूर पैसा मिळतो. गिरणी बंद पडलेल्या गावात दर भरमसाट वाढवला तरी शिक्षक टिकत नाहीत. 1997 साली क्लेअरमॉन्ट या गावाच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनेत बसत नाही असं सांगितलं. 27 वर्षं झाली, अजून तंटा चालूच आहे. गेल्या नोव्हेंबरात खालच्या न्यायालयाने मुलामागे निदान 7356 डॉलर द्या असा निकाल दिला. राज्य सरकार अपिलात गेलं.

मी विचारलं, पैसा आणणार कुठून? तिने वही मिटली. म्हणाली, आयकर आणणार नाही असं वचन इथले बरेच उमेदवार देतात, मी देणार नाही. पण आयकर आणीनच असंही म्हणत नाही. व्याज आणि लाभांशावरचा कर 1 जानेवारीपासून रद्द होतोय, तो तिला परत हवाय. शिक्षणासाठी राज्याने लावलेली एक वेगळी घरपट्टी आहे, तिच्यातला जादा पैसा श्रीमंत गावं स्वतःकडेच ठेवतात, तोही सगळ्यांत वाटला जावा असं तिचं म्हणणं. “आणि एवढं करूनही तुमची घरपट्टी कमी होईल असं मी सांगू शकत नाही,” हे तिचे शब्द.

माझी शेजारीण एकटी राहते, पेन्शनवर. घरपट्टी भरताना तिची काय ओढाताण होते ते मी पाहिलंय, आणि माझं पोर त्याच पैशावर शिकतं. म्हणून संध्याकाळी मुद्दाम तिच्याकडे गेले. उमेदवार बाई तिच्याकडेही येऊन गेली होती. काय म्हणाली विचारलं, तर अक्षरशः तेच! घरपट्टी कमी होईल असं सांगू शकत नाही, हेसुद्धा. एका दारात शाळा आणि दुसऱ्या दारात करकपात, असं बोलणं तिला सहज जमलं असतं. तुम्ही कुणाला पारखायचात तेव्हा हेच पाहायचात ना?

घरांच्या बाबतीत मात्र माझं तिच्याशी पटलं नाही. आमच्या गावात घर बांधायला निदान दोन एकरांचा तुकडा लागतो. त्यामुळे लहान घरं होतच नाहीत, भाड्याने जागा मिळत नाही, आणि मुलाच्या शाळेतल्या बाई रोज तासभर गाडी चालवून येतात. राज्याने हा नियम सैल करावा असं मला वाटतं. ती म्हणते, ते गावाने ठरवायचं, राज्याने नाही. गोठा विकून त्या जमिनीवर बंगले उभे राहिलेले तिने पाहिलेत. तिचं दुःख मला कळतं. तरी ती चुकते आहे असंच मी तिला सांगितलं. तिने ते वहीत लिहून घेतलं. म्हणाली, इथे प्रत्येक विधेयकावर खुली सुनावणी होते, कुणीही येऊन बोलू शकतं. तुम्ही राजधानीत, कॉनकॉर्डला या आणि माझ्याविरुद्ध बोला. मी जाणार आहे, आबा.

विहिरींचा विषयही निघाला. इथे खडकातच आर्सेनिक आहे आणि घरगुती विहिरीचं पाणी तपासायचं की नाही हे ज्याच्या त्याच्यावर. घर विकताना तपासणी सक्तीची करावी, असं ती म्हणते. आमच्या पाण्याला आम्ही गाळणी बसवलीय, काळजी करू नका.

मी तिलाच मत देणार आहे.

अजून एक. आमच्या गावात मतपत्रिका अजून हाताने मोजतात आणि त्यासाठी माणसं हवी होती, मी नाव दिलंय. तुम्ही केंद्राध्यक्ष म्हणून जायचात तेव्हा आई रात्रभर कंदील लावून जागायची, ते फार आठवलं. गठ्ठे पंचवीसचे बांधायचात की पन्नासचे? आणि मोजणी जुळली नाही तर पहिल्यांदा काय तपासायचात? रविवारी फोन करते, तेव्हा सावकाश सांगा.

आईला नमस्कार. फराळाचं पार्सल पाठवायची खटपट तिने करू नये.

तुमची,
छोटी