त्रिशूरच्या वाघांना बिनधोक रंग हवा

महोदय,

ओणमच्या बातम्यांसोबत आपण केरळातल्या त्रिशूरच्या पुलिकळीचा, म्हणजे अंग रंगवून वाघ होऊन नाचण्याच्या खेळाचा, फोटो छापलात, फार बरे वाटले. फोटो पाहून वाघाचे कपडे घातले असावेत असे वाटते. पण मुखवटा आणि कमरेची घुंगरांची अरमणी सोडली, तर बाकी सगळा उघड्या अंगावर दिलेला रंग असतो.

गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यामुळे मी त्रिशूरलाच राहतो. आमच्या दुकानामागे एका संघाची रंगवणी चालते. ओणमच्या चौथ्या दिवशी, अंगावरचे केस काढून माणसे पहाटेच उभी राहतात. रंगाचा पहिला हात वाळायलाच दोन-तीन तास जातात, मग त्यावर पट्टे नाहीतर बिबट्याचे ठिपके. तोवर बसायचे नाही, हात अंगाला लावायचे नाहीत, आधाराच्या काठीला धरून राहायचे. सुटलेल्या पोटाला इथे मोठा मान! त्यावर वाघाचा अख्खा चेहरा काढतात आणि चेंडा नावाच्या ढोलाच्या ठेक्यावर पोट हलले की जबडा चावायला आल्यासारखा उघडतो. दुपारनंतर विय्यूर, अय्यन्तोळ अशा भागांतले संघ वडक्कुन्नाथन मंदिराभोवतीच्या स्वराज राउंड या रस्त्यावर उतरतात. 2016 मध्ये बायकाही पहिल्यांदा वाघ झाल्या.

काळजी वाटते ती रंगाची. घामापावसात टिकावा, चमकावा म्हणून रंगाची पूड वॉर्निशमध्ये कालवतात किंवा सरळ इनॅमल लावतात. रात्री तोच रंग रॉकेलने घासून काढायचा. दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या पोराची पाठ लालभडक झालेली मी पाहिली आहे. आम्ही तेजाबापाशी काम करणारी माणसे, कातडीचे हाल आम्हाला सांगावे लागत नाहीत. छापील कापडाचे वाघ करा, असे सुचवणारेही भेटतात. मला ते साफ नामंजूर आहे. कापडावरचा जबडा हलणार कसा?

आपल्याकडे नाटकांचे मुरलेले रंगभूषाकार आहेत, रंगांचे कारखाने आहेत. विदर्भात मोहरमला अंग रंगवून वाघ होणारे आहेत, त्यांनाही हा त्रास असणारच. घामाने न ओघळणारा, साबणाने निघणारा आणि रोजंदारीवरच्या माणसाला परवडणारा रंग कुणाला ठाऊक असेल, तर त्यांनी आपल्या पत्रामार्फत जरूर कळवावे. इथल्या संघांपर्यंत नमुना पोचवण्याचे काम माझे.

– एक गलाई व्यावसायिक, त्रिशूर
(मूळ खानापूर तालुका, जि. सांगली)