कुलूपबंद घरेही हिशेबात धरा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मागच्या जनगणनेत प्रगणक म्हणून आमचेच गाव माझ्या वाट्याला आले होते. त्या अनुभवावरून चार गोष्टी वेळेत सांगाव्यात, म्हणून हे पत्र.

मे २०१०मध्ये घरयादीसाठी वाड्या फिरले तेव्हा चाकरमानी आलेले होते. अंगणात ताडपत्रीवर कोकमे वाळत होती, ताटांतून आंब्याची साठे घातलेली होती. प्रत्येक घराच्या चौकटीवर नंबर टाकायचा आणि माहिती लिहून घ्यायची. सरबत घेतल्याशिवाय कोणी उठू देत नसे, त्यामुळे एकेक वाडी उरकायला दिवस कलायचा.

त्याच वाड्यांत फेब्रुवारी २०११मध्ये माणसे मोजायला गेले. चौकटीवर माझ्याच हातचा नंबर आणि खाली कडीला कुलूप. अंगणात वाळक्या पानांचा पातेरा साचलेला. गुरववाडीतल्या एका आजींनी चारही मुलगे, सुना, नातवंडे अशी नावे सांगायला सुरुवात केली. मी म्हटले, "आजी, ती मुंबईला राहतात, त्यांची नोंद तिकडे होणार." त्या म्हणाल्या, "घर त्यांचंच हाय ना बाई? मग हितं मी एकटीच लिवणार?" तक्त्यात त्या एकट्याच लिहिल्या गेल्या. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. माणूस जिथे राहतो तिथेच मोजला पाहिजे, याबद्दल माझी तक्रार नाही.

त्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. दहा वर्षांत जवळजवळ ८२ हजार माणसे कमी. सिंधुदुर्गातही घटच झाली, आणि त्याच काळात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया निघाल्या. याचा आमच्याकडे कोणाला अचंबा वाटला नाही. गिरण्यांच्या काळापासून पुरुष मुंबईला आणि बायका गावी, महिन्याच्या मनीऑर्डरीवर घर चालायचे. पुढच्या पिढीने बिऱ्हाडच विरार, नालासोपारा, दिव्याला हलवले आणि घराला कुलूप लागले.

पण कुलूप लागले म्हणून घर सुटलेले नाही. शिमग्याला पालखी दारात यायची म्हणून ते उघडते, गणपतीला उघडते, मे महिन्यात उघडते. घरपट्टी प्रत्येक घराची भरली जाते, बंद घराचीसुद्धा. निधी मात्र डोकी मोजून येतो. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे ग्रामपंचायतींना वाटताना सर्वांत मोठे वजन लोकसंख्येला होते, तेही २०११च्या. पाखाडी म्हणजे दगडी पायवाट, गटार, स्मशानशेड, विजेचे खांब ही कामे तर गावात कितीही माणसे असली तरी लागतातच. उलट वाड्या डोंगरउतारावर लांब लांब असल्याने तेवढ्याच घरांना खर्च जास्त येतो.

सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा. नळयोजनेचे माप दरडोई दररोज ५५ लिटर. हे माप कोणत्या डोक्यांना लावायचे, ते ठरते जनगणनेच्या आकड्यावरून आणि त्याच्या पुढच्या अंदाजावरून. विहिरींनी तळ गाठलेला असतो तो नेमका मे महिना, आणि तेव्हाच गावात दुप्पट माणसे. टाकी सकाळीच रिकामी होते. वरच्या वाडीपर्यंत दाब पोचत नाही आणि सत्तरीच्या बाया हंडे घेऊन पऱ्ह्यातल्या, म्हणजे ओढ्यातल्या, झऱ्यावर जातात. पावसाचे माहेर म्हणवणाऱ्या जिल्ह्यात हे पाहून जीव तुटतो. रात्री गावात मुक्कामी येणारी वस्तीची एसटी गाडी बंद झाली तेव्हा "भारमान नाही", म्हणजे पुरेसे प्रवासी नाहीत, एवढेच उत्तर मिळाले. शाळेचा पट वीसच्या खाली गेला की शाळा राहील की नाही याची धास्ती. शाळा आणि गाडी गेली की जे एखादे तरुण जोडपे टिकून असते तेही तालुक्याला खोली घेते. मग पुढच्या मोजणीत गाव आणखी लहान दिसते.

माझी मागणी साधी आहे. घरयादीत बंद आणि रिकाम्या घरांची नोंद होतेच. ती गाववार आकडेवारी लोकसंख्येच्या आकड्याबरोबरच योजना आखणाऱ्यांच्या टेबलावर असावी. पाणी, रस्ता, वीज यांचे माप काढताना घरांची संख्या आणि मे महिन्यातली माणसे धरावीत. ग्रामपंचायतींनीही वाट पाहत बसू नये. येत्या गणपतीत वाडीवार मोजणी करून ती ग्रामसभेच्या ठरावासह विकास आराखड्याला जोडावी. मोजणीला हात मुंबईकर मंडळांनी द्यावेत, वर्गणी गोळा करताना ते घरोघर जातातच. आणि कोणी गावाचा आकडा फुगवायला मुंबईतल्या माणसांची नावे इथे घालू पाहत असेल, तर प्रगणकाने ती लिहू नयेत. खोट्या आकड्याने गावाची बाजू पडेल. खरा आकडा दोन्ही हंगामांचा मांडला, तर आमची मागणी कोणाला खोडता येणार नाही.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी