अव्यास, राबिनालहून आल्यावर

प्रिय अव्या,

तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे, गुडघ्याचं विचारू नकोस. मी लेकीकडे ग्वाटेमाला सिटीत आहे हे तुला माहितीच आहे. मागच्या आठवड्यात तिच्यासोबत राबिनाल नावाच्या गावी जाऊन आले आणि तेव्हापासून डोक्यात नुसती आपली नर्मदेकाठची, सरदार सरोवरात बुडालेली मणिबेली आणि तू. इथे कोणाला सांगू? तुलाच लिहितेय, मोठं होईल, सावकाश वाच.

राबिनाल बाहा वेरापास प्रांतात आहे. चारी बाजूंनी डोंगर, दक्षिणेला चुआकुसची रांग, आणि मध्ये साधारण 970 मीटर उंचीवरचं कोरडं खोरं. पाऊस डोंगरांवरच पडून जातो, त्यामुळे उतारांवर निवडुंग आणि काटेरी झुडपं, पण खाली पाणी आहे तिथे संत्र्याच्या बागा. इथली संत्री देशभर नावाजलेली, आणि खरं सांगते, गोड आहेत, तुझ्या नागपूरच्या सासुरवाडीला मात्र कळू देऊ नकोस. बाजारात मोरोच्या फळाच्या टणक कवचाच्या वाट्या मिळतात, नीह नावाच्या किड्याच्या चरबीचा लेप देऊन चकचकीत केलेल्या. मी एक हातात घेतली आणि मणिबेलीच्या दादांच्या ओसरीवरचा तुंबा डोळ्यांसमोर आला. त्याच तुंब्यातलं ताक सांडून तू दादांचं धोतर भिजवलं होतंस आणि वर म्हणालास मांजर होती!

लोक आची, म्हणजे मायांपैकीच, घरात आची भाषा बोलतात. जवळच्या डोंगरावर काखयुप म्हणून त्यांच्या जुन्या राजधानीचे अवशेष आहेत. आत्ताचं गाव स्पॅनिश लोक आल्यावरचं, 1537 च्या सुमाराला डोमिनिकन पाद्र्यांनी, त्यात लास कासास नावाचाही एक, विखुरलेल्या वस्त्या एकत्र आणून खाली खोऱ्यात वसवलेलं. म्हणजे बघ, डोंगरावरून उठवून खाली बसवायचं हे यांच्या वाट्याला तेव्हापासूनच.

आणि दर जानेवारीत, संत पॉलच्या सणाला, 25 तारखेला, इथे एक नाट्य होतं, राबिनाल आची. स्पॅनिश येण्याच्या आधीच्या काळातलं, लाकडी ढोल आणि कर्णे, मुखवटे घातलेले नाचणारे. 1850 च्या दशकात इथे आलेल्या ब्रास्यर द बूरबूर नावाच्या फ्रेंच पाद्र्याने ते उतरवून घेतलं आणि 1862 साली छापलं, 2005 मध्ये युनेस्कोनेही त्याला मान दिला. गोष्ट अशी की राबिनालचा योद्धा शेजारच्या किचे राज्याच्या योद्ध्याला पकडतो, त्याला मरणाची शिक्षा होते, आणि मरायच्या आधी तो मागतो काय, तर 260 दिवसांची रजा, आपल्या डोंगरांचा आणि दऱ्यांचा निरोप घेऊन यायला. तो जातो, निरोप घेतो आणि मरायला परत येतो. अव्या, मला पुढचं काही सुचेना. आपल्या लोकांना कोणी अशी रजा दिली होती?

आता मूळ गोष्ट. गावाच्या कडेला पाकूश नावाची वसाहत आहे, पूर्वी शेजारीच लष्कराची छावणी होती. चिशोय नदीवरच्या धरणात गेलेल्या रिओ नेग्रो गावची माणसं तिथे आणून टाकली. नदीत मासे मारणारी, शिंदीसारख्या पाल्याच्या चटया विणणारी माणसं, जमीन सोडायला तयार नव्हती. फेब्रुवारी 1982 मध्ये शोकोक नावाच्या शेजारच्या गावात त्यांची माणसं मारली, 13 मार्चला सैनिक आणि त्याच शोकोकचे, लष्कराने उभे केलेले गस्तवाले वर रिओ नेग्रोत गेले आणि 70 बायका आणि 107 मुलं मारली. 18 मुलं शोकोकवाल्यांनी घरकामाला नेली. शेजारी रे, ज्यांच्याशी यांची देवघेव होती. पुढच्या जानेवारीत धरणात पाणी भरलं. जागतिक बँकेने 1978 मध्ये कर्ज दिलेलं होतंच, 1985 मध्ये, एवढं सगळं होऊन गेल्यावर, परत दिलं. 1985 म्हणजे तेच साल, सरदार सरोवराचं कर्जही त्याच साली मंजूर झालं. आपल्याकडे निदान बँकेनेच चौकशीला नेमलेली मोर्स समिती आली, 1993 मध्ये बँक बाहेर पडली. इथे 2012 मध्ये आंतर-अमेरिकी न्यायालयाचा निकाल आला आणि 2014 मध्ये सरकारने भरपाईचा करार करून माफी मागितली, तोपर्यंत कितीतरी म्हातारी माणसं गेली.

गावात एक छोटं म्युझियम आहे, लोकांनीच उभं केलेलं. तिथे मारल्या गेलेल्या माणसांचे फोटो आहेत भिंतभर. आणि त्याच म्युझियममध्ये वाट्या, विणकाम, नाचाबद्दलही आहे. मी दोन्हींच्या मध्ये उभी राहिले आणि तुझा मेसेज आठवला, की आपल्या मणिबेलीच्या वह्या-कॅसेटींची खोकी तू त्या संस्थेला देणार आहेस आणि त्यांना "आंदोलनाशी संबंधित तेवढंच" हवंय.

अव्या, देऊ नकोस, म्हणजे तेवढंच देऊ नकोस. आपलं किती वाजायचं यावरून! मी वहीत लिहायचे की कुठल्या मोहाचं फूल आधी पडतं, शूलपाणेश्वराच्या जत्रेला कोण कुठल्या पाऊलवाटेने येतं, आणि तू ओरडायचास की पाण्याच्या पातळीचे आकडे लिही, कोर्टाला मोहाचं काय करायचंय. कोर्टाला आकडेच लागायचे, ते तू घेतलेस म्हणून पुढे उपयोगी पडले, ते मला मान्यच आहे. पण आता देऊळही पाण्याखाली आहे. राबिनालबद्दल वाचायला जा, पानोपानी कत्तल. ती लिहिलीच पाहिजे, नावानिशी. पण या लोकांनी संत्री, वाट्या, नाच हे सगळं हट्टाने त्या फोटोंच्या शेजारी ठेवलंय, म्हणून रिओ नेग्रोची माणसं मला नुसती मेलेली दिसली नाहीत, मासे मारताना, चटया विणताना दिसली. आपल्या खोक्यातून मोहाच्या वह्या गेल्या तर मणिबेलीची माणसं पुढच्या पोरांना फक्त बुडताना दिसतील. मला त्याची फार भीती वाटते, रात्री झोप लागत नाही इतकी.

तर निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या बाजूला काढ. कॅसेटींवर माझं अक्षर असेल त्याही. संस्थेला सांग, सगळं घ्यायचं तर घ्या, निवडून नाही. ऐकलं नाही तर मी येईपर्यंत थांबव, दिवाळीला येतेय.

तुझ्या मुलीचं ठरलं हे वाचून खूप आनंद झाला, वहिनींना सांग, साडी इथून आणणार नाही, इथलं विणकाम आणते. अँजिओप्लास्टीनंतर पायऱ्या चढतोयस का? चढू नकोस.

आणि एक काम कर. दादांची धाकटी बहीण वसाहतीत अजून आहे ना? तिला भेटून ये, फोन चालू ठेवून समोर बस आणि विचार, मोहाची फुलं वाळवायची कुठे, नदीत जाळं कुठे टाकायचे, कुठल्या शेताला काय म्हणायचे. पातळीचे आकडे विचारू नकोस, ते तुझ्याकडे आहेत.

तुझी,
मंदा