माघारीची वेळ पायथ्यालाच ठरावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

उंच डोंगरावरील पदभ्रमणाच्या पूर्वतयारीविषयी आपल्या अंकात आलेला लेख वाचला. बूट, सॅक आणि कपड्यांची माहिती त्यात सविस्तर होती. मात्र कोणत्या परिस्थितीत शिखर सोडून मागे फिरायचे, याविषयी एक ओळही नव्हती. तयारीची सुरुवातच तिथून व्हायला हवी, असे मला कळकळीने वाटते.

डोंगर किती धोकादायक आहे हे केवळ उंचीवरून ठरत नाही. अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टन हे शिखर १,९१७ मीटर उंचीचे, परंतु तेथील वेधशाळेत १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा नोंदवला गेला. पायथ्याचा हवामान अंदाज पाहून निघणारे, दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते हे विसरतात आणि वारा तर हिशेबातच धरत नाहीत. तापमान शून्य अंश असताना ताशी ६० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला उणे नऊ अंशांची थंडी जाणवते. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने दुपारी एकला परत फिरायचे असे तोंडी ठरवले होते. एक वाजला तेव्हा शिखर समोर दिसत होते, म्हणून कोणीही तो विषय काढला नाही. अडीचच्या सुमारास डोंगराच्या उघड्या धारेवर ढगांनी गाठले आणि पावसापाठोपाठ गारा सुरू झाल्या. कोरडा स्वेटर सॅकमध्येच होता, पण तिचे बक्कल दाबण्याइतकीही ताकद माझ्या बोटांत उरली नव्हती. एका सोबत्याची जीभ जड झाली, आणि त्याची थरथर थांबली तेव्हा त्याला बरे वाटू लागले असे आम्ही समजलो. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जाऊन आणखी घसरू लागले की थरथर थांबते, हे आमच्यापैकी एकालाच ठाऊक होते. त्याने खडकाच्या आडोशाला त्या सोबत्याचे ओले कपडे उतरवून, कोरडे चढवून त्याला झोपण्याच्या पिशवीत घातले, म्हणून तो वाचला.

तेव्हापासून मी परतीची वेळ कागदावर लिहितो. सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास, हा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा १८९२ पासून चालत आलेला ठोकताळा त्यासाठी पुरेसा आहे. आठ किलोमीटरच्या वाटेत १,२०० मीटर चढायचे असतील, तर विश्रांती न धरताच साडेतीन तासांहून अधिक लागतात. ओझे, चिखल आणि गटातील सर्वांत सावकाश चालणारा यांचा वेळ त्यात वाढवावा लागतो. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आलेले असते. तेव्हा किती वाजले आहेत हे न पाहता धार सोडायची, हेही त्याच कागदावर असते. त्याची एक प्रत खाली राहणाऱ्या व्यक्तीकडे ठेवावी आणि आपण किती वाजेपर्यंत परतलो नाही तर मदत बोलवायची, ते तिला सांगावे.

मोहिमा काढणाऱ्या संस्थांनी परतीची वेळ, वाऱ्याची मर्यादा आणि अंतिम निर्णय कोणाचा, हे नोंदणीच्या वेळीच लेखी द्यावे. पैसे भरून आलेल्या सदस्यांचा आग्रह सुरू झाल्यावर लीडरला वर उभे राहून ‘नाही’ म्हणणे फार अवघड जाते; हाती आधीच मान्य केलेला कागद असेल तर त्याची बाजू भक्कम होते. आपल्या दैनिकानेही अशा लेखांसोबत पायथ्याच्या नव्हे, तर शिखराच्या उंचीवरील हवामानाचा अंदाज छापावा, ही विनंती.

आपला,
एक पदभ्रमणप्रेमी वाचक