डोळे आलेल्यांची तपासणी केसपेपरच्या खिडकीजवळच व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की सांगली-मिरजेत डोळे येण्याची साथ ठरलेलीच. घरात ती आठ-पंधरा दिवसांत निवते. रुग्णालयाच्या नेत्रविभागात शिरली तर मात्र अवघड. आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दाखवायला इथल्या एका रुग्णालयात नेले होते. शेजारी लालभडक डोळ्यांचा मुलगा, डोळे चोळून त्याच हाताने बाक धरून बसलेला. तपासणीच्या यंत्रावर आधी त्याने हनुवटी टेकवली, मग आईने. मधल्या वेळात सिस्टरांनी सॅनिटायझरच्या बोळ्याने पट्टी पुसली. त्यांना दोष देत नाही, समोर रांग होती. पण डोळे येण्याची साथ आणणारा अडिनोव्हायरस हा विषाणू असल्या पुसण्याला सहसा दाद देत नाही. कोरड्या पृष्ठभागावर तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. त्याला ब्लीचच्या द्रावणासारखे कडक जंतुनाशक लागते. डोळ्याचे प्रेशर मोजणारे टोक, थेंबांची सामाईक बाटली, तपासणाऱ्यांचे हात यांतून नेत्ररुग्णालयांतच साथी पसरल्याचे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. काहींच्या बुबुळावर पांढुरके डाग पडतात आणि महिनोन्‌महिने अंधुक दिसते. नुकतेच ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसांनी हे का सोसायचे?

हा विषाणू ओळखायला कोविडच्या अँटिजेन किटसारखे झटपट किट असते. खालच्या पापणीच्या आतून काडी फिरवायची, बाधा असली तर 10-15 मिनिटांत पट्टीवर रेघ उमटते. जपानमध्ये नेत्रतज्ज्ञ ते सर्रास वापरतात. पीसीआर अधिक खात्रीची, पण अहवाल येईतो रुग्ण सगळा विभाग फिरून झालेला असतो.

रेघ उमटली नाही म्हणून रुग्णाला रांगेत सोडू मात्र नये. हे किट काही बाधित हुकवते. शिवाय कॉक्सॅकी ए-24 सारख्या एन्टेरोव्हायरसनेही मोठ्या साथी येतात, ते यात दिसत नाहीत. म्हणून लाल डोळा दिसताच वेगळे बाक, वेगळे यंत्र, वेगळी बाटली हवीच. रेघ उमटली तर खात्री पटते, उगाच अँटिबायोटिक थेंब लिहिले जात नाहीत आणि डोळे आलेल्या कर्मचाऱ्याला दोन आठवडे रुग्णांपासून दूर ठेवायला ठोस कारण मिळते. हे शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण रजा मिळत नाही म्हणून लाल डोळ्यांनीच ड्युटी करणारी माणसे आपण सगळेच पाहतो.

जिल्हा आरोग्य यंत्रणेने आणि मिरजेतल्या खासगी रुग्णालयांनीही जूनच्या आत किट मागवावीत, केसपेपरच्या खिडकीशेजारी एक टेबल मांडावे आणि तिथे बसणाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, मिरज